मुलगी म्हणून नोंद

संरक्षण खात्याचं पत्र आलं ईशानीच्या नावाने आणि फोडलं तिच्या आईने. दुसऱ्याचं पत्र फोडणं नेदरलँड्समध्ये गुन्हा असतो म्हणे. पण सतरा वर्षांच्या मुलीच्या आईला असले कायदे लागू होत नाहीत, असं मंजूषा कानिटकरचं ठाम मत होतं. पत्रात लिहिलं होतं, की ईशानीची सैनिकी सेवेसाठी नोंद झालेली आहे. आणि पुढच्याच ओळीत, की तिने सध्या काहीही करायचं नाही.

मंजूषाने दोन्ही ओळी चारचारदा वाचल्या. काही करायचंच नाही, तर मग कळवता कशाला?

"सगळ्यांना येतं ते," आशुतोष लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला. "बोलावणं कधीच थांबवलंय. फॉर्मॅलिटी आहे."

"मुलींनासुद्धा?"

"झाली की पाच-सहा वर्षं. इक्वॅलिटी."

नवऱ्याला सगळंच फॉर्मॅलिटी वाटतं, हे मंजूषाचं जुनं दुखणं. डच पासपोर्ट घेतानाही त्याने हाच शब्द वापरला होता. तिने पत्र पर्समध्ये कोंबलं आणि ईशानीला काही म्हणून सांगायचं नाही, असं ठरवून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंजूषा ग्रोनिंगनला आली ती नवऱ्याच्या मागोमाग. डच शिकता शिकता नाकी नऊ आले, पण शिकली, आणि आता एका दप्तरखान्यात नोकरी करत होती. जुनी हस्ताक्षरं कॉम्प्युटर वाचायचा आणि तो अडखळला की मंजूषा बघायची. सध्या नेपोलियनच्या काळातल्या जन्मनोंदी चालू होत्या. दोनशे वर्षांपूर्वी त्याने हा सगळा देशच गिळला होता आणि गावोगावी नवीन वह्या पाठवल्या होत्या. मूल झालं की तीन दिवसांत बापाने ते महापौरापुढे नेऊन दाखवायचं आणि नाव लिहायचं. नाव लिहिलं की विसाव्या वर्षी मुलगा फौजेला हवा तेव्हा सापडतो. तीन दिवसांचा तो नियम अजून आहे. ईशानीच्या वेळी आशुतोषही असाच खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, धावला होता. आत्याने बारशाला कानात कुर्र करायच्या आधीच नाव सरकारदरबारी पोहोचलं होतं.

सोमवारी कॉम्प्युटर एका नोंदीवर अडला. जानेवारी १८१३, ग्रीत्ये, मुलगी. आणि हीच ग्रीत्ये १८३८ साली लग्नाच्या वहीत नवरदेव म्हणून उभी.

मंजूषाला हसू आलं. हे तर तिला पाठ होतं. घरात मुलगे जगत नसले की पुढच्याचं नाक टोचायचं, त्याला मुलगी म्हणायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. तिच्या पणजोबांचं नाव नथू होतं ते उगाच नाही.

"याचे आधीचे भाऊ लहानपणीच गेले असणार," तिने हार्मला ठणकावून सांगितलं. हार्म हा निवृत्त इतिहासशिक्षक. आठवड्यातून दोन दिवस फुकट कामाला यायचा आणि कॉफी मात्र वसूल करायचा.

ती मृत्यूच्या वह्या उपसत बसली. भाऊ तिथे नव्हते. ते सापडले फौजेच्या याद्यांत. एक १८११ साली नेलेला, दुसरा १८१२ साली. दोघेही वीस वर्षांचे.

"रशियाच्या स्वारीवर," हार्म म्हणाला. "परत आल्याची नोंद नाही. मेल्याचीही नाही."

लग्नाच्या कागदांत नोंद दुरुस्त करणारा कोर्टाचा एक कागद होता. त्यात नवरदेवाने बापाकडून ऐकलेलं सांगितलं होतं, की थंडी फार होती, बापाने मला हनुवटीपर्यंत गुंडाळून नेलं आणि महापौरांनी दुपटं सोडायला लावलं नाही.

मंजूषाने तो कागद पुन्हा वाचला. आपला तर्क चुकला की बरोबर निघाला, हेच तिला कळेना. दृष्ट तर लागलीच होती, फक्त ती सरकारची होती.

"पण नेपोलियनची माणसं १८१३ सालीच गेली ना इथून? मग बापाने नंतर खरं का नाही सांगितलं?"

"फ्रेंच गेले, वह्या राहिल्या. आमच्या राजालाही सैनिक हवेच होते." हार्मने कॉफी संपवली. "फ्रेंचांनी आम्हाला लुटलं आणि फ्रेंचांनीच देशाची घडी बसवली, हे मी एकाच तासाला शिकवायचो. मुलं विचारायची, मग ते चांगले की वाईट? चाळीस वर्षं शिकवलं, पण उत्तर सापडलं नाही."

संध्याकाळी ईशानी सायकल लावून आत आली, तेव्हा मंजूषाने पोहे पुढे ठेवून तिला ग्रीत्येची गोष्ट सांगितली. दुपट्याचा भाग तिने दोनदा सांगितला. "बघ, आई-बाप लेकरासाठी काय काय करतात."

"आई," ईशानी म्हणाली, "माझं लेटर तुझ्या पर्समध्ये आहे ना? वर्गात सगळ्यांना आलंय."

मंजूषाने पत्र काढून दिलं. ईशानीने ते न वाचताच बाजूला ठेवलं आणि दप्तरातून दुसरा कागद काढला.

"शाळा संपली की मला एक वर्ष आर्मीत जायचंय. सर्व्हिस इयर. हा त्याचा फॉर्म."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही. ओलेना बसते माझ्या शेजारी, युक्रेनची. रोज बघते मी तिला." ईशानीने पेन आईपुढे ठेवलं. "आणि त्या ग्रीत्येला कोणी विचारलं होतं का, त्याला काय हवंय ते?"

"तीन दिवसांच्या बाळाला काय विचारणार?"

"मी सतरा वर्षांची आहे. अठरा पूर्ण नाहीत म्हणून पालकांची सही लागते. बाबा म्हणाला, आईला विचार."

तिथे मात्र आशुतोषला फॉर्मॅलिटी आठवली नव्हती. मंजूषाला त्याचा राग आला, मुलीचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. तिन्ही एकदम. यातलं खरं कुठलं, ते तिला ठरवता येईना. ग्रीत्येच्या बापाला निदान खोटं बोलायला समोर महापौर तरी होता. इथे लेकरूच कागद घेऊन उभं होतं, आणि टेबलाच्या पलीकडे, पेन हातात धरून, महापौराच्या जागी आपणच बसलो होतो.

"थांब जरा," ती म्हणाली. "नीट वाचू दे मला."

डोळे इतके भरून आले होते, की तिला पहिली ओळही दिसत नव्हती.