दहावा शब्द

“तुमच्यावाचून अडलंय हो. नऊच होतायत,” आत्या फोनवर म्हणाल्या, आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिल्या.

पलीकडे दंतवैद्य होते, प्रार्थनालयाचे अध्यक्ष. त्यांनी लांबलचक उसासा सोडला.

“येतो. पण लगेच निघणार हं.”

“लगेच निघा. कोण धरून ठेवतंय?”

आत्यांनी फोन ठेवला, घोटभर पाणी प्यायल्या आणि पुढचा नंबर फिरवला. हा बेकरीवाल्याचा. “तुमच्यावाचून अडलंय हो. नऊच होतायत.” तोच आवाज, तीच अजिजी, शेवटी तोच एवढासा निःश्वास. आत्यांनी उभी हयात टेलिफोन खात्यात काढली होती. आवाजात साखर किती घालायची आणि कुठे घालायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बेकरीवाल्यानंतर शिंपीणबाई, मग घड्याळजी, मग वरच्या आळीतली ती भांडखोर जावाजावांची जोडी. सगळ्यांना एकच सांगणं. प्रत्येक जण दहावा.

खोटं बोलायची आत्यांना हौस नव्हती. पण ज्यूंची सामुदायिक प्रार्थना म्हटली की दहा माणसं लागतात. नऊ असतील तर ती नऊ कितीही पुण्यवान असोत, काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, आणि गेलेल्या माणसाच्या स्मरणाची तर नाहीच नाही. या प्रार्थनालयात बायकाही दहांत धरत. तो वाद कधीच मिटला होता, आणि मिटवला होता आत्यांनीच.

गेल्या वर्षी आत्यांच्या यजमानांच्या मृत्यूचा वर्षदिन शुक्रवारच्या संध्याकाळीच आला होता. आठ माणसं जमली. आठही जण आपापल्या वाडवडिलांच्या बाकावर, एवढ्या मोठ्या दालनात एकेका कोपऱ्यात बसून दाराकडे बघत राहिले. दार काही वाजलं नाही. शेवटी सगळे आत्यांची नजर चुकवत उठले आणि निघून गेले. अहो, हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी धावला होता! जेवत असला तरी हात धुऊन निघायचा, “कुणाचं तरी दहाव्यावाचून अडलंय,” म्हणायचा. त्याच्यासाठी दहावा मिळू नये? आत्या त्या दिवशी घरी येऊन ढसाढसा रडल्या. पुढच्या शुक्रवारी दुपारी त्यांनी डोळे पुसले आणि फोन जवळ ओढला.

युक्ती वर्षभर खपली, त्याला कारण होतं. त्यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. दहा शब्दांचं एक जुनं वचन आहे. एकेका माणसाकडे बघायचं आणि एकेक शब्द म्हणायचा. दहावा शब्द संपला की माणसं पुरी झाली, पुढे मोजायचं कारण नाही. हे काम दाराशी उभ्या राहून आत्याच करत. वचन संपलं की मंडळी हुश्श करत, आणि प्रत्येकाला वाटे, बाकीचे आज कसे कोण जाणे उगवलेत, पण भरवशाचा म्हणाल तर मीच. आपल्यावाचून जगाचं अडतं, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

प्रार्थना संपली की मात्र सगळे पायांत वहाणा सरकवून पळत. आत्यांना ते खुपे. म्हणून त्यांनी थर्मासमधून चहा न्यायला सुरुवात केली. चहा बघून बेकरीवाला दुसऱ्या शुक्रवारी बिस्किटं घेऊन आला. बिस्किटं आली तशी माणसं थांबली. थांबली तशी बोलायला लागली. घड्याळजींची कंबर धरलीय, हे शिंपीणबाईंना पहिल्यांदाच कळलं. वरच्या आळीतल्या जावाजावा एका बशीतून बिस्किटं खाताना दिसल्या. आत्या कौतुकाने बघत होत्या. माणसं एकमेकांशी बोलायला लागली, आणि नेमका तिथेच घात झाला.

“दुकान पोराच्या अंगावर टाकून येतो मी,” बेकरीवाला दंतवैद्यांना सांगत होता. “काय करणार? दर शुक्रवारी मीच दहावा.”

“तुम्ही?” दंतवैद्य म्हणाले. “दहावा मी असतो.”

“अगंबाई!” शिंपीणबाईंनी कप खाली ठेवला. “मग मी कोण?”

सगळी डोकी एकदम वळली. आत्या थर्मासचं झाकण फिरवत होत्या. ते फिरतच राहिलं.

“आत्या,” दंतवैद्यांनी चष्मा काढून पुसला, “नऊ म्हणजे नक्की किती?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आत्यांचे कान तापले. थर्मास पिशवीत कोंबून, कुणाचाही निरोप न घेता त्या घरी आल्या. पिशवी ठेवताना भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

ज्यू पंचांगाप्रमाणे पुढचा शुक्रवार नेमका यजमानांच्या वर्षदिनाचा होता.

दुपारी त्या फोनजवळ बसल्या. रिसीव्हर उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. कोणत्या तोंडाने बोलवायचं? आज खरोखरच अडलं होतं, आणि आजच बोलायची सोय राहिली नव्हती. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट त्यांनीच किती भाच्यांना सांगितली होती.

“ऐकलंत का,” त्या फोटोला म्हणाल्या, “खोटं बोलून जमवलेल्या माणसांत तुमचं नाव घ्यायचं नाही मला. घरीच दिवा लावते. चालेल ना?”

फोटो नेहमीसारखा हसत होता. हसायला त्याला काय जातंय, असं आत्यांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस लागणार. मग फोनला हात लावायचा नाही. म्हणजे विषयच मिटला. त्या काडेपेटी शोधायला उठल्या, तेवढ्यात फोन वाजला.

“आत्या, तुमच्यावाचून अडलंय हो,” बेकरीवाल्याचा आवाज आला. “नऊच झालेत.”

“थट्टा करताय म्हातारीची?”

“शप्पथ! खोटं बोलायला मी काय टेलिफोन खात्यात होतो?”

“मग मागे एवढा कालवा कसला चाललाय?”

“नऊ जणांचा,” बेकरीवाला म्हणाला. मागे बायकांचं हसू फुटलं, आणि कुणीतरी जोरात “शूऽऽ” केलं. “येताय ना? अध्यक्ष ताटकळलेत.”

आत्यांनी पदराने नाक पुसलं.

“येते,” त्या म्हणाल्या. “पण लगेच निघणार हं.”

दिवा लावून, पायांत सापडतील त्या चपला अडकवून त्या निघाल्या. गल्ली ओलांडताना आपण धावतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि या वयात शोभत नाही म्हणून त्या दोन पावलं हळू चालल्या. मग पुन्हा धावल्या.

प्रार्थनालयाचं दार उघडंच होतं. आत माणूस मावत नव्हता. वाडवडिलांचे बाक सोडून सगळे पुढे, खांद्याला खांदा लावून उभे होते. घड्याळजी कंबरेला पट्टा बांधून आले होते. आत्यांच्या ओळखीची नसलेली दोन-तीन तोंडंही होती. आणि एवढ्या गर्दीत चिडीचूप शांतता होती. दाराशी, दर शुक्रवारी जिथे आत्या उभ्या राहत तिथे, आज दंतवैद्य उभे होते.

“हे नऊ?” आत्यांनी दारातूनच विचारलं.

“नऊच,” दंतवैद्य गंभीरपणे म्हणाले. “नऊ शब्द म्हणून झालेत माझे. दहावा कधीचा तोंडात धरून उभा आहे. कुणी घ्यायलाच तयार नाही.”

“म्हणा की हो आता,” शिंपीणबाई पुढून म्हणाल्या. “पाय भरून आले आमचे.”

दंतवैद्यांनी चष्मा सारखा केला, आत्यांकडे बघितलं आणि शेवटचा शब्द म्हणाले. वर्षभर आत्यांनी सगळ्यांकडे बघत ते वचन म्हटलं होतं. त्यातला एखादा शब्द आपल्याही वाट्याला येऊ शकतो, हे त्यांच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या बाकाला घट्ट धरलं.

मग यजमानांचं नाव घेतलं गेलं. आत्यांचा आवाज दोनदा फुटला. दोन्ही वेळा त्या थांबल्या, आणि दोन्ही वेळा सगळी मंडळी थांबली. शेवटचं “आमेन” एवढं जोरात झालं की दिव्यांच्या काचा थरथरल्या.

प्रार्थनेनंतर आत्यांना आठवलं, थर्मास घरीच राहिला. पण टेबलावर दोन थर्मास आधीच होते, आणि जावाजावांत कुणाचा चहा आधी ओतायचा यावरून जुंपली होती. दंतवैद्य बशीत बिस्किटं घेऊन आत्यांजवळ आले.

“तुम्हाला लगेच निघायचं होतं ना?”

“हो, निघायचंय.”

“मग निघा की. कोण धरून ठेवतंय?”

आत्यांनी त्यांच्या हातातली बशी घेतली आणि पायाने खुर्ची जवळ ओढली.