धुरपताबाईच्या हातचं कुंकू

पाथरीत देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर कुंकवाची दोन दुकानं समोरासमोर आहेत. एक धुरपताबाईचं, दुसरं सुमनबाईचं. भाविक जीपमधून उतरले की दोन्हीकडून एकदमच हाका सुरू होतात.

"या माय, घरच्या हळदीचं कुंकू घ्या. लिंबाच्या रसात मुरवलेलं हाय!"

"इकडं बघा ताई! रंग बघा आधी, मग बोला. तिकडचं कुंकू दुपारपर्यंत पिवळं पडतंय!"

दहा वर्षांपूर्वी या दोघींचं दुकान एकच होतं. हळकुंडं दोघींनी मिळून मुरवायची, सावलीत वाळवायची, दळायची. मग सुमनबाईच्या मनात आलं की हैदराबादहून तयार रंग आणून थोडा मिसळावा, म्हणजे माल उठून दिसेल. धुरपताबाई म्हणाली, "बायांच्या कपाळाला मी दगाबाजी लावणार न्हाई." एवढ्यावर फाटलं. सुमनबाईनं रस्त्यापलीकडं गाळा घेतला, आणि पुढं लाली, काजळ, नखांचा रंगही ठेवायला लागली.

धुरपताबाईचा नवरा बन्सीधर अकरा वर्षांपूर्वी घरातून गेला तो आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. बारा वर्षं वाट बघावी लागते म्हणून गावानंही कधी विषय काढला नाही. धुरपताबाई रोज सकाळी रुपयाएवढं कुंकू लावून दुकान उघडायची. चैत्रातल्या सप्ताहात मारुतीच्या देवळाच्या दारात करंडा घेऊन उभं राहायचं आणि कीर्तनाला येणाऱ्या सवाष्णींना हळदीकुंकू लावायचं, हा मान तिचा होता. सुमनबाई दहा वर्षं कीर्तनाला पिंपळाकडच्या दारानं आत जात होती. धुरपताबाईच्या हातचं कुंकू नको म्हणून.

गेल्या साली मुंबईहून अर्पिता नावाची एक पोरगी आली. टीव्हीसाठी विनोदी सिनेमा लिहायचाय म्हणाली, दोन सौंदर्यप्रसाधनवाल्या बायांच्या चढाओढीचा. दोघींनाही वाटलं, फुकटात जाहिरात होईल. पोरगी लाघवी होती. तीन दिवस इकडं भाकरी खाल्ली, तीन दिवस तिकडं. धुरपताबाईनं तिला सुमनबाईच्या रंगाच्या डब्यांचं सांगितलं. ते पोरीनं हसत हसत सुमनबाईला ऐकवलं, आणि सुमनबाईचं डोकं फिरलं.

"मी रंग लावते, आन ती काय लावती? नवरा मरून नऊ वर्षं झाली, आन ही रोज कपाळ भरून बसती. इचार कुणालाबी!"

कुणालाही विचारून कळण्यासारखं ते नव्हतंच. ते फक्त सुमनबाईला आणि तिच्या भावाला माहीत होतं. बजरंग हळदीचा ट्रक घेऊन निजामाबादला जायचा. तिथं त्यानं बन्सीधरला पाहिलं होतं, आणि पुढच्या खेपेला त्याची तिरडीही. त्यानं येऊन बहिणीला सांगितलं, तेव्हा दुकान फुटून दोनच महिने झाले होते. आत्ता सांगितलं तर धुरपताअक्का म्हणेल, वैरानं बोलायली. म्हणून सुमनबाई गप्प राहिली. मग तेच अंगवळणी पडलं. शिवाय निजामाबादचं आणखीही काही होतं, ते तर तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

सिनेमा लागला तो नेमका सप्ताहाच्या पाचव्या दिवशी, दुपारी. 'लालीची लढाई'. अख्खी पाथरी टीव्हीपुढं बसली. दोन नट्या एकमेकींवर पावडरचे डबे फेकत होत्या, आणि लोक पोट धरून हसत होते. सुमनबाईही हसली. मग पापडाएवढं कुंकू लावलेली नटी कपाटामागं दडवलेल्या नवऱ्याच्या फोटोला हार घालून म्हणाली, "अहो, तुम्ही वर गेलात ते गेलात, माझा धंदा खाली येऊ देऊ नका!"

शेजारच्या घरातला हसण्याचा आवाज एकदम थांबला. सुमनबाईनं उठून टीव्ही बंद केला; पोरीला आपण बोललो तेच होतं ते.

संध्याकाळी सहाला रामप्रसाद महाराजांचं कीर्तन होतं. फार गोड गळा. त्यांनी नुसता 'विठ्ठल' म्हटला तरी माणूस मांडी बदलायचं विसरतो. मृदंग लागला होता, टाळकरी उभे राहिले होते. आणि दारात, नेहमीसारखी, धुरपताबाई करंडा घेऊन उभी होती. नेसायचं पातळ तेच, कपाळ तेच. नजर मात्र प्रत्येक बाईच्या तोंडावर.

बाया येत होत्या आणि खाली मान घालून शेजारून सरकत होत्या. एक म्हणाली, "लावलंय बाई घरून." दुसरीनं लेकराला उगाच कडेवर घेतलं. बबिता शिंप्याची तर अर्ध्या वाटेतून माघारी फिरली आणि पिंपळाकडच्या दारानं गेली.

सुमनबाई लांबून बघत होती. पंधरा-वीस बाया गेल्या, आणि करंड्यातल्या कुंकवाला बोट लागलं नव्हतं. तिला वाटलं, आपण आत्ता पुढं झालो, कुंकू लावून घेतलं, की गाव गप्प बसेल. सिनेमावाल्यांनी मनचं घातलं म्हणतील. अक्काचं कपाळ राहील. आपण एकदा मोडलेलं आपणच सांधू.

ती दारात गेली. पदर डोक्यावर घेतला आणि कपाळ पुढं केलं.

"लाव अक्का."

धुरपताबाईचं बोट करंड्यात गेलं आणि तिथंच थांबलं. तिनं सुमनबाईकडं पाहिलं.

"दहा साल तू ह्या दारातून आली न्हाईस," ती हळूच म्हणाली. "कुणाला काय वाटंल ह्याची तुला कधी फिकीर नव्हती. आज मान वाकवून आलीस." तिनं करंड्याचं झाकण लावलं. "म्हंजे खरं हाय."



दोघी देवळामागं हौदाच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. आत अभंग सुरू झाला होता.

"तिथी?" धुरपताबाईनं विचारलं.

"मार्गशीर्ष वद्य नवमी. दुकान फुटलं त्या साली, निजामाबादला; बजरंगनं बघितलं."

"लगीच सांगितलीस."

"दरसाल त्या दिवशी गच्चीवर कावळ्याला घास ठेवते मी. त्यांच्या नावानं."

"माझा घास तू ठेवलास," धुरपताबाई म्हणाली. त्यात राग होता की काय होतं, सुमनबाईला कळलं नाही. "आन मला सांगितलं न्हाईस. त्या मुंबईच्या पोरीला सांगितलंस."

"चूक झाली अक्का. जीभ जळो माझी."

"जळल्या जिभेचं मी काय करू. तोंडात पाणी कुणी घातलं? अग्नी कुणी दिला?"

लोकांनी दिला, असं सांगता आलं असतं. बजरंगही मान हलवून हो म्हणाला असता. पण दारात जे खोटं करायला गेलो त्याचं काय झालं, हे सुमनबाईनं नुकतंच पाहिलं होतं.

"त्यांच्या पोरीनं," ती म्हणाली. "सहा वर्षांची व्हती. तिच्या आईनं हात धरला व्हता."

आत टाळांचा गजर वाढला. महाराजांचा आवाज वर चढला आणि लोकांनी तो झेलला. धुरपताबाई कट्ट्यावरच्या धुळीत बोटानं रेघ ओढत होती.

"सहा वर्षांची," ती म्हणाली. "म्हंजे इथं असतानाच ती जलमली व्हती. हळदीच्या सौद्याला म्हणून जायचे. मी दशम्या बांधून द्यायची. दोन दिसांच्या."

"अक्का..."

"त्या बाईनं तवाच पुसलं असंल."

"व्हय."

"नऊ-धा सालं तिचं कपाळ मोकळं. आन तिच्या वाटचं मी लावायले." तिला हसू आलं, आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं. "गाव हसलं त्यात काय चुकलं गं?"

"तू काय बी पुसू नको. आता कुणी पुसत न्हाई. कायदा हाय, सरकार सांगतंय..."

"सरकारला काय करायचंय माझ्या कपाळाशी. मी वाट बघायची म्हणून लावत व्हते. आता कुणाची वाट बघू?"

ती हौदावर वाकली. ओंजळीनं पाणी घेऊन कपाळ धुतलं. एकदा, दोनदा. इतक्या वर्षांचं कुंकू, खाली कातडीचा रंगच वेगळा झालेला. तिथं फिकट गोल वण उरला. सुमनबाईनं पदर पुढं केला. धुरपताबाईनं तो घेतला नाही.

आत मंडपात सवाष्णी पुढं बसतात आणि खांबापाशी म्हाताऱ्या, एकट्या बाया. असं कुणी ठरवलेलं नाही, पण बसतात तशाच. धुरपताबाई खांबाकडं गेली. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या बायनाबाईनं वर पाहिलं, काही विचारलं नाही, पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली आणि सरकली. धुरपताबाई तिथं बसली.

कीर्तन संपत आलं होतं. योगीराज टाळकरी बुक्क्याची वाटी घेऊन रांगेनं निघाला. माळकऱ्यांत बुक्का सगळ्यांना असतो, त्याला सवाष्ण लागत नाही की विधवा. त्यानं धुरपताबाईच्या कपाळाला बोट लावलं. कपाळ अजून ओलं होतं. बुक्का ठरेना, नाकावर ओघळला. त्यानं पुन्हा लावला.

धुरपताबाईनं हात जोडले आणि मग, इतक्या वेळानं, ती रडायला लागली. बायनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सुमनबाई दारातच उभी होती. योगीराज वाटी घेऊन तिच्यापर्यंत आला, तेव्हा तिनं मान हलवून नको म्हटलं.