पायांची पसंती

आमच्या सासूबाई कुणाचं कौतुक करायला लागल्या की समजावं, काहीतरी बिघडलंय. बाथरूममधून येताना पॅसेजच्या गुळगुळीत फरशीवर त्या घसरल्या आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनात बसलेली भीती काही जाईना. हात धरल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. मी नेऊन देईन ते खायच्या आणि म्हणायच्या, "छान झालंय गं." माझ्या हातच्या भाजीला इतक्या वर्षांत ज्यांनी कधी बरं म्हटलं नाही, त्या बाई! मला माझ्या नावं ठेवणाऱ्या सासूबाई परत हव्या होत्या.

म्हणून फरशीवर लाकडी पट्ट्या बसवायचं ठरलं. मी शिलाईकाम करते, नवरा दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्यामुळे हात आखडता घेणं आलंच. आईंची खोली, पॅसेज आणि स्वयंपाकघर, एवढंच करायचं. हॉलचं पुढे कधीतरी बघू.

दुकानात शिरलो आणि आमचा शहाणपणा दारातच राहिला. मी एकेक पट्टी उचलून कापडासारखी उजेडात धरत होते. एक तर चक्क खांद्याला लावून आरशात पाहिली. नवरा डोळे बारीक करून शेजारी उभा. "हिच्यात जरा लाल जास्त आहे. हिच्यावर सोनेरी अक्षरं काय उठून दिसतील!"

"ताई, अंगावर नाही घालायची, पायाखाली घालायची आहे," दुकानदार म्हणाला. आम्ही हसलो आणि पुन्हा तेच सुरू केलं.

शेवटी एका गडद, चकचकीत पट्टीवर दोघांचाही जीव जडला. तिच्यात तोंड दिसत होतं. भाव ऐकून ती खाली ठेवली, तरी नजर हटेना. चार-पाच नमुने घेऊन घरी आलो. त्यातच दुकानदाराने सगळ्यात स्वस्त पट्टीचे दोन तुकडेही घातले होते. मळकट, खरबरीत. नवरा म्हणाला, "रंग आहे की भिजलेला पुठ्ठा!"

मी ते सगळे पॅसेजमध्ये ओळीने मांडले. खाली रबर होतं, त्यामुळे सरकत नव्हते. मग हॉलमध्ये बसून हिशेब केला. चकचकीत लाकूड घ्यायचं तर तीन जागा होत नव्हत्या.

"मग पॅसेज आणि हॉल करू," नवरा म्हणाला.

"हॉल कुठून आला मध्येच? आणि आईंची खोली?"

"तिथे गालिचा टाकू."

"गालिचा सरकतो. त्या परत पडल्या म्हणजे?"

"अगं, पण हॉलमध्ये माझी गिऱ्हाईकं येतात."

"पाटी रंगवून घ्यायला येतात, लोळायला नाही!"

मी तावातावाने बोलत होते खरी, पण ती चकचकीत पट्टी सोडायला मीही तयार नव्हते. त्यामुळे आवाज आणखीनच चढत होता.

"भांडण पुरे. दूध उतू चाललंय तिकडे."

आवाज पॅसेजमधून आला. सासूबाई तिथे उभ्या होत्या. एकट्या. एक हात भिंतीला, अनवाणी पाय त्या खरबरीत तुकड्यावर. आम्ही जागचे हललो नाही. त्यांच्या पुढ्यात ती चकचकीत पट्टी होती. त्यांनी अंगठा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ही नको. ही त्या मेल्या फरशीचीच बहीण आहे. उचल."

नवऱ्याने ती उचलली आणि तिच्या जागी दुसरा खरबरीत तुकडा ठेवला. त्यांनी त्यावर पाऊल टाकलं, मग दुसरं.

"ही चांगली आहे. पाय धरून ठेवते."

"आई, पण रंग बघितलास का तिचा?"

"रंग तू बघ. चालायचं मला आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांचंही पोट डोळ्यांवर चालतं. पायांना विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मला लाज वाटली आणि हसूही आवरेना. तेवढ्यात दूध खरंच उतू गेलं.

पुठ्ठ्याच्या रंगाचं लाकूड तिन्ही जागी बसलं. हॉलमध्ये जुनीच फरशी राहिली, आणि गिऱ्हाईकं यायची थांबली नाहीत.

त्यानंतर एका सकाळी मी फोडणी करत होते. मागून आवाज आला, "एवढं तेल? भाजी करतेस की तिला पोहायला शिकवतेस?"

वळून पाहिलं. सासूबाई दारात होत्या आणि हात भिंतीला नव्हता. तशाच चालत आल्या, कालच्या आमटीच्या पातेल्यात चमचा घालून चव घेतली आणि नाक मुरडलं. "मीठ कमी होतं. बोलले नव्हते."

मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

"आता यात रडण्यासारखं काय आहे?" म्हणत त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं आणि गॅस बारीक केला.