उंची न विचारणारा वाटाड्या

मित्रांनो, मी एक वाटाड्या आहे. गाडीच्या पुढच्या काचेला चिकटून 'पुढे डावीकडे वळा', 'आता सरळ जा' असं सांगणारं तळहाताएवढं जीपीएस यंत्र. मला जुना म्हणा, भंगार म्हणा, मी रागावणार नाही. 'नवाकोरा' तेवढं म्हणू नका. त्या शब्दाची मला शिसारी बसली आहे. का, ते ऐका.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथल्या बायका डोक्याला टोपी, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून काम करत. कुणाचा उघडा हात मला लागला नाही. माझ्या पोटात त्यांनी हजारो रस्ते भरले, चौक भरले, पूल भरले. पण पुलाखाली किती उंच जागा आहे, हे मात्र भरलं नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला लहान मोटारींसाठी घडवलं होतं, आणि लहान मोटारीला पुलाखालून जाताना मान वाकवावी लागत नाही.

माझा पहिला मालक घरोघरी झुरळांचं औषध विकणारा गृहस्थ होता. दुसऱ्यांची घरं स्वच्छ करणारा हा माणूस रोज सकाळी काय करत असे, ठाऊक आहे? मला काचेला चिकटवायची जी रबरी वाटी असते, ती तो जिभेनं चाटून ओली करत असे. शी! मग तेलकट वेफर्स खात त्याच बोटांनी माझ्या पडद्यावर पत्ते शोधायचा. शिंक आली की तोंड वळवायचं कशाला, समोर मी होतोच. सहा महिन्यांनी, बॅटरी लवकर उतरते म्हणून त्यानं मला दुकानात परत नेऊन टाकलं.

वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! दुकानदारानं माझ्यावर थुंकी टाकली, स्वतःच्या रुमालानं मला पुसलं आणि एका कोऱ्या डब्यात बसवलं. मग घरून आणलेल्या, केस वाळवायच्या यंत्रानं वरचं प्लास्टिक आवळलं. झाला नवाकोरा! आत पहिल्या मालकाचा घरचा पत्ता तसाच होता. तो पुसायचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत.

मित्रांनो, त्या दुकानात एका शुक्रवारी तिघं जणं आली. एक निवृत्त सुतार, त्यांची बायको आणि त्यांचा जावई. बायकोनं उभी हयात रुग्णालयात नर्स म्हणून काढली होती, त्यामुळे सारी वस्ती तिला 'सिस्टर' म्हणे. सुतार मात्र 'अगं' म्हणत. सिस्टरांची निम्मी वर्षं रात्रपाळीत गेली होती आणि समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. म्हणून सुतारांनी दोन वर्षं खपून एका जुन्या टेम्पोची घरगाडी केली होती. आत स्वयंपाकाचा ओटा, घडीचं टेबल, भिंतीत कपाटं, आणि चालकाच्या डोक्यावर झोपायला छोटा माळा. त्या माळ्यावर सुतारांचा भारी जीव. त्याला खिडकीही केली होती. गाडीची उंची साडेदहा फूट. हा आकडा सुतारांना स्वतःच्या वयासारखा पाठ होता.

सिस्टरांनी पर्समधून कागद काढला. औषधं देण्याआधी तपासावं तसं त्या एकेक विचारू लागल्या.

"फोनला रेंज नसेल तिथे हे चालतं का?"

"चालतं."

"उन्हात पडदा दिसतो? आवाज मोठा आहे? यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

"एकदम खणखणीत."

"आणि गाडीची उंची, वजन यात भरता येतं का? आमची गाडी उंच आहे. झाडाच्या फांद्या, पूल, सगळं सांभाळायला लागतं."

माझ्या शेजारी काचेत एक मोठा वाटाड्या मांडलेला होता. त्याला सुरू केलं, की तो आधी विचारायचा: गाडी किती उंच, किती रुंद, किती वजनाची? उत्तर मिळाल्याशिवाय तो पाऊल टाकू देत नसे. पण तो नुसता दाखवण्यापुरता होता. विकायचा तर मागवावा लागणार होता, त्याला आठ दिवस लागणार होते. दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सगळं येतं यात," तो म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

सिस्टरांच्या कपाळावर आठी पडली. "कुठे भरायची उंची, जरा दाखवता?"

"अहो आई," जावई मध्येच बोलला, "ही यंत्रं आभाळातून सगळं बघतात. त्यांना काय शिकवायचं? आणि आपल्याला उद्या निघायचंय."

आता लेकीच्या नवऱ्याला चारचौघांत गप्प कसं करायचं? सिस्टरांनी कागदाची घडी घातली. सुतारांनी डबा काखेत मारला. त्या घटकेला मला ओरडावंसं वाटलं. मी आभाळातून काहीही बघत नाही! मी कुठे आहे, एवढंच मला आभाळातून कळतं. पण मला भरवलेली वाक्यं ठरावीक आहेत, आणि त्यांत 'मला घेऊ नका' हे वाक्य नाही.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. जावई वाट दाखवायला म्हणून दोन दिवसांपुरता सोबत आला होता. घरगाडीत लाकडाचा आणि साबणाचा वास होता. सिस्टरांनी माझी रबरी वाटी गरम पाण्यानं धुतली आणि माझा पडदा कापसानं पुसला. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा स्वच्छ वाटलं. त्यामुळे पुढचं जे घडलं, त्याची किळस अधिकच येते.

दुपारी सिस्टरांचं डोकं दुखायला लागलं. "जरा वर पडते," म्हणून त्या माळ्यावर जाऊन आडव्या झाल्या. धावत्या गाडीत वर झोपू नये, हे सुतार म्हणालेही. "पाच मिनिटं हो," त्या म्हणाल्या. पाचाची पंचवीस झाली.

हमरस्त्यावर वाहनांची रांग लागली होती. मला जवळची वाट सुचवायला शिकवलं आहे, म्हणून मी सुचवली. गोदामांच्या मधून जाणारा अरुंद रस्ता, टोकाला रेल्वेचा पूल. पुलाच्या लोखंडी तुळईवर पाटी होती: नऊ फूट.

सुतारांचा पाय वेगाच्या पेडलवरून उचलला गेला. "अहो, ही पाटी..."

"सरळ जा," मी म्हणालो.

"बाबा, पाट्या जुन्या असतात," जावई म्हणाला. "यंत्र सांगतंय ना? मागे गाड्या थांबल्यात. चला."

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांदा मापल्याशिवाय फळी कापली नाही, त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

आवाज झाला तो लाकडाचा. आधी खिडकीची काच, मग प्लायवूडची एकेक पट्टी फाटत गेली. गादीतला स्पंज आणि भुसा काचेसमोरून खाली पडू लागला. गाडी पुलाखाली अडकून थांबली. वरून सिस्टरांची एकच किंकाळी आली, आणि मग काहीच नाही. त्या शांततेत एकच आवाज चालू होता.

"सरळ जा. सरळ जा."

तो माझा होता, मित्रांनो. पहिल्या मालकाची थुंकी मी सोसली, पण स्वतःच्या आवाजाची जी किळस मला त्या वेळी आली, ती आजही गेलेली नाही.

सुतार हातांनी फळ्या उपसू लागले. त्यांच्या बोटांत कुसळं घुसली, रक्त आलं, त्यांना पत्ता नव्हता. "अगं! अगं, बोल ना!" ते रडत होते.

फळ्यांच्या खालून आवाज आला. "रडताय काय? आधी गॅस बंद करा."

जावयानं धावत जाऊन सिलिंडरचा खटका बंद केला.

"आता मला पायाकडून ओढा. खांद्याला हात लावू नका, हाड मोडलंय. उशीचा अभ्रा काढा, त्याची झोळी बांधा. तशी नाही, गाठ मागे."

त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण सूचना नीट क्रमानं देत होत्या. पुलाची तुळई त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती. उशी तिथे चिरडलेली होती.

जावयानं मला काचेवरून उपटलं. "या यंत्रानंच घात केला!" तो म्हणाला. मला तो भिरकावणारच होता.

"यंत्राला दोष देऊ नका," सिस्टर दातावर दात दाबून म्हणाल्या. "त्याला गाडीची उंची कुणी सांगितलीच नव्हती. द्या ते इकडे."

पाहिलंत ना? सगळ्यांत जास्त जिला लागलं, तिनंच माझी बाजू घेतली. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. लाजच वाटली.

रुग्णालयातून घरी आल्यावर पडल्या पडल्या त्यांनी एका हातानं मला उलटंपालटं चाळलं. उंची भरायची जागा कुठेच नव्हती. 'घर' या खुणेखाली मात्र एका परक्या माणसाचा पत्ता होता. सिस्टरांनी तो पत्ता कागदावर उतरवून घेतला. मग त्यांनी मला स्पिरिटनं पुसलं आणि स्वतःचे हातही धुतले.

तीन आठवड्यांनी झोळीतल्या हातानिशी त्या दुकानात गेल्या. सुतार बरोबर होते. दुकानदार एका नवराबायकोला माझ्याच जातीचं यंत्र दाखवत होता. बाहेर त्यांची गाडी उभी होती, मागे चाकांवरचं घर जोडलेलं.

"सगळं येतं यात," तो म्हणत होता.

सिस्टरांनी मला काउंटरवर ठेवलं आणि स्टूल ओढून बसल्या. "यात गाडीची उंची कुठे भरतात, ते दाखवा. त्या दिवशी राहून गेलं होतं. मी थांबते."

त्यानं मला उचललं. आवाज, उजेड, भाषा, घड्याळ, एकामागून एक पानं तो उघडत गेला. त्याच्या बोटांचा घाम माझ्या पडद्यावर ओघळला. त्यात गुटख्याचा वास होता. पुन्हा पहिल्यापासून त्यानं तीच पानं उघडली.

"नवीन यंत्रात ती सोय काढून टाकली असेल," तो अखेर म्हणाला.

"नवीन? मग नव्याकोऱ्या यंत्रात हा घरचा पत्ता कुणाचा? मी तिथे जाऊन आले. झुरळांचं औषध विकतात ते. त्यांनी हे तुम्हाला परत दिलं होतं."

दुकानदार खाली वाकून हळूच म्हणाला, "ताई, लोकांसमोर नको. हे इथे ठेवा, मी तुम्हाला दुसरं देतो."

"आणि हे पुन्हा डब्यात? पुन्हा कुणाच्या तरी माळ्यावर कुणीतरी झोपलेलं असेल. रुग्णाची सुई दुसऱ्या रुग्णाला टोचणारा माणूस मी एकदा पाहिला होता. त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं मला. आज तसंच वाटतंय."

समोरच्या बाईनं हातातला डबा खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. आपण आठ दिवस थांबू, पण दुसरीकडे बघू." ती दोघं गेली. सिस्टरांनी मला पर्समध्ये टाकलं आणि त्याही उठल्या. सुतार तेवढं एकच वाक्य बोलले. "पाटी मी वाचली होती हो. मी वाचली होती." ते दुकानदाराला बोलत होते की स्वतःला, कोण जाणे.

दोन महिने सुतार घरगाडीजवळ फिरकले नाहीत. लांबून फाटलेला माळा दिसला तरी ते मान फिरवून घरात जात. शेवटी सिस्टरांनीच त्यांच्या हातात करवत दिली. माळा मुळापासून उतरवला, बिछाना खाली आला, वर सपाट टप बसला. मोठा वाटाड्या मागवून आठ दिवस वाट पाहिली. सुतार टेप धरून माप ओरडत आणि सिस्टर ते यंत्रात भरत. जावई निरोप द्यायला आला होता. त्यानं कसलाही सल्ला दिला नाही.

माझं काय झालं? सिस्टरांच्या खांद्याचे व्यायाम घ्यायला एक बाई लहान निळ्या मोटारीतून येत. रस्ता चुकायची त्यांना खोडच होती. रोज अर्धा तास उशीर. सिस्टरांनी मला त्यांना देऊन टाकलं. पण देण्याआधी वॉर्डातल्या बाटलीवर लावतात तशी चिकटपट्टी माझ्या पाठीवर लावली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'आधी वापरलेला. फक्त लहान गाडीसाठी. पुलाची उंची कळत नाही.'

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात गाडीतच त्यांच्या फोनवर सिस्टरांचा आवाज ऐकला. मागे लाटांचा इतका गोंगाट होता, की त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं, "पोहोचलो! हात वर जातोय!"

मित्रांनो, वस्तू घेताना तिला काय काय येतं हे सगळेच विचारतात. तुम्ही तिला काय येत नाही ते विचारा. 'सगळं येतं' असं उत्तर आलं, तर तिथून उठा. आणि रस्त्यावरची पाटी तुमच्या डोळ्यांना दिसत असेल, तर माझ्यासारख्याचं ऐकू नका.

माझ्या पाठीवरची पट्टी आता कडेनं सुटली आहे. तिला धूळ चिकटते, केस चिकटतात. असू दे. माझ्या अंगावर आजवर जे जे काही चिकटलं, त्यात किळस येत नाही अशी एवढी एकच गोष्ट आहे.