चारच्या पुढचं शून्य

मी टेप बोलतेय. गळ्यात मिरवणारी नव्हे, मातीत लोळणारी. पिवळं अंग, तीस मीटर लांबी, गोल काळं घर आणि गुंडाळायला एक हँडल. रायापूरजवळच्या एका शाळेत लांब उडी मोजणं हे माझं काम. आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. का, ते ऐका आणि मग काय ते म्हणा.

पीटीचे सुधींद्र सर हुबळीच्या बाजारातून मला घेऊन निघाले, तेव्हा त्याच पिशवीत एक स्टॉपवॉच होतं. एकाच दुकानातले आम्ही, एकाच दिवशी निघालेलो. पण विद्यानगरहून चिगरी, म्हणजे आमच्याकडची जलद सिटी बस, सुटली आणि सरांनी त्याला डबीतून काढून गळ्यात घातलं. एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत किती सेकंद, हाच खेळ रायापूर येईपर्यंत चालला होता. शेजारचे प्रवासी मान वाकवून कौतुकानं बघत होते. मी पिशवीच्या तळाशी, हवा भरायच्या पंपाखाली. माझ्या जिवाचा तिळपापड झाला तो तिथपासून.

शाळेतही तेच. शर्यत संपली की सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडतात. "सर, माझा टाइम? सर, माझा?" माझ्याकडे येतं ते कोण, तर ज्याला टोक धरून वाळूत बसायची पाळी आलीय ते, आणि तेही तोंड वाकडं करून.

शिवाय त्याचं नशीब बघा. १५.०७ असा अख्खा आकडा त्याच्या काचेत आपोआप उमटतो. शून्यसुद्धा तेच जागेवर बसवून देतं. माझ्या अंगावर मात्र मीटरचे लाल आकडे आणि पुढे सेंटीमीटरचे बारीक काळे. त्यांचा दशांश अपूर्णांक माणसानं करायचा. माणूस घाईत असला की काय होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी तालुक्याच्या स्पर्धेसाठी निवड होती. सातवीतल्या मुलींमधून लांब उडीला एकच नाव जाणार होतं. त्यात खरी चुरस किरण आणि दीपश्रीची. दोघी एका बाकावरच्या, एकमेकींच्या डब्यात हात घालणाऱ्या. किरणनं तर शेजारच्या बांधकामाच्या वाळूत उड्या मारून मारून चपला फाडल्या होत्या. तिची आई मंगला म्हणाली होती, "आधी तालुक्यासाठी नाव लागू दे, मग नवे बूट."

सरांनी सकाळी चुन्याची फक्की मारून मैदान आखलं होतं, त्यामुळे त्यांचे हात पांढरे होते. मुली एकेक करून उडी मारत होत्या. सगळ्या तीनच्या घरातच पडल्या. मग किरण आली. वाळूतल्या तिच्या खुणेपाशी माझं टोक धरलं गेलं, सरांनी उडी घ्यायच्या फळीपाशी मला चिमटीत पकडलं आणि शेजारच्या फळ्यावर लिहिलं, ४.३५. चार मीटर पस्तीस सेंटीमीटर. बरोबर.

पाठोपाठ दीपश्रीनं उडी घेतली. सरांनी मला चिमटीत धरलंय तोवर ट्रॅकवरून हाक आली, "सर, शर्यतीची मुलं थांबलीत, बेगा या, लवकर!" लाल चार, पुढे काळा पाच. चार मीटर पाच सेंटीमीटर. सरांनी एका डोळ्यानं मला वाचलं, फळ्यावर ४.५ लिहिलं आणि छातीवर नाचणारं ते लाडकं स्टॉपवॉच सावरत पळाले. पुढच्या मुलीसाठी वाळू सपाट झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण टेपला पाय नाहीत नि मस्तकही नाही.

शेवटी सगळे फळ्याभोवती जमले. किरण आनंदात होती. "सर, मीच ना पहिली? पॉइंटच्या पुढे पस्तीस, तिचे नुसते पाच!" अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या.

गणिताच्या हेमावती टीचर तिथंच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तसं बघायचं नाही किरण. पॉइंटच्या पुढचं पहिलं घर दशांशाचं. तिथं तिचे पाच, तुझे तीन. ४.५ म्हणजेच ४.५०. आता सांग, पन्नास शतांश मोठे की पस्तीस?"

"पन्नास," किरण पुटपुटली. "पण टीचर, माझा खड्डा पुढं होता की."

"साकु, पुरे आता," सर म्हणाले. "टेप काय खोटं बोलते होय?"

माझंच नाव पुढे करून माझंच बोलणं खोटं पाडलं! टीचरचं गणित बावनकशी होतं, पण फळ्यावरचा आकडाच चुकीचा, त्याला गणित काय करणार? किरण मैदानाच्या कडेला जाऊन बसली आणि गुडघ्यात तोंड घालून रडली. दीपश्री तिच्याकडे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी टीचरनी मला व्हरांड्यात आणवलं. किरणला आकडे पटले नव्हते, म्हणून ते तिला डोळ्यांनी दाखवायचे होते. किरणनं टोक धरलं. दीपश्री मला उलगडत गेली. चार मीटर आले आणि ती थांबली. माझ्या अंगावर सरांच्या अंगठ्याचे फक्कीचे ठसे होते. चारच्या पुढे दोनच. एक पस्तीसवर, दुसरा पाचवर. पन्नासवर काहीच नाही.

त्या स्टॉपवॉचचं बटण दाबलं की मागचं सगळं पुसतं. माझ्या अंगाला लागलेलं राहतं. तेवढ्या एका गोष्टीत मी त्याच्यापेक्षा सरस आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

पण दीपश्रीनंही तो ठसा पाहिला. तिचा अंगठा हळूच पाचवर आला आणि घासू लागला.

"दीपश्री, अंगठा काढ बघू," टीचर म्हणाल्या.

तिनं काढला. अर्धा ठसा तसाच होता. ती खाली बघत म्हणाली, "मला माहीत होतं टीचर. मी हिच्या मागंच पडले होते. दरवेळी हीच पुढं. धावण्यात ही, उडीत ही, घरीसुद्धा आमची आई किरणचंच सांगते. एकदा तरी माझं नाव वर राहू दे म्हटलं."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. हे दुखणं पिशवीच्या तळाशी बसून मीही सोसलंय.

टीचरनी सरांना बोलावलं. सरांनी दोन्ही ठसे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "पाच सेंटीमीटर म्हणजे शंभरातले पाच! दशांशाच्या घरात शून्य हवं होतं, अय्यो." त्यांनी फळा तिथंच आणवला, स्वतःच्या हातानं ४.०५ लिहिलं आणि जमलेल्या सगळ्यांसमोर किरणचं नाव वाचलं. किरण नाचली नाही. तिनं आधी दीपश्रीकडे पाहिलं. मग टोक सोडून तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "उद्या तू पण वाळूत ये."

त्याला आता बरेच दिवस झाले. किरण तालुक्याला नव्या बुटांत उडी मारून आली. स्टॉपवॉच अजूनही सरांच्या गळ्यात आहे आणि मी अजूनही जळते. स्वभावाला औषध नाही. पण संध्याकाळी सर मला त्या दोघींच्या हाती देतात. मला वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगते, घाई करू नका. घर रिकामं असलं तर तिथं शून्य बसवा.

काल दीपश्रीनं उडी मारली. किरणनं मला ताणलं आणि वाचलं, "चार मीटर नऊ." दीपश्रीनं खडू घेतला, चारपुढे टिंब दिलं, आधी शून्य काढलं आणि मग नऊ. ४.०९.

"हे शून्य कधी जाणार गं?" तिनं विचारलं.

"आणखी एक सेंटीमीटर," किरण म्हणाली आणि माझं टोक धरून पुन्हा वाळूत जाऊन बसली.