आकाडोटच्या रक्तनळ्यांचा राखणदार

मित्रांनो, मी आता जुना झालोय, आणि जुन्या माणसांसारखा जरा कुरकुऱ्याही झालोय. आकाडोटच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या पडवीत भिंतीला टेकून एक उंच, पांढरा, बिजागरीला गंज चढलेला डीप फ्रीझर उभा असतो, तो मी. सध्या माझ्या पोटात दोन झाडू, एक बादली आणि कुणाची तरी फाटकी छत्री आहे. हसू नका! ह्याच पोटात मी अठरा वर्षं चारशे लेकरांचं रक्त सांभाळलं आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला शून्याच्या खाली ऐंशी अंशांवर राहायला शिकवलं. तुमच्या घरातला फ्रीज माझ्यापुढे म्हणजे चुलीशी शेकत बसलेली म्हातारी! तिथून जहाजाने मोंबासा, आणि मोंबासाहून ट्रकमधून धक्के खात मी इथे युगांडात आलो. मला उतरवायला सहा जणांनी हात लावला आणि सातव्याने नुसताच आरडाओरडा केला. हा सातवा म्हणजे केंद्राचे प्रमुख, डॉक्टर ओकुरुट.

ह्या भागात मलेरियाने मूल नेलं नाही असं घर शोधून सापडत नसे. "ताप इथे आणि तापाचा अभ्यास सातासमुद्रापार, हे कसलं शहाणपण?" असं डॉक्टर येईल त्याला ऐकवायचे. एका परदेशी संस्थेला ते पटलं. तिच्या पैशातून केंद्र उभं राहिलं, आणि दर पाच वर्षांनी काम पाहून ती पुढच्या पाच वर्षांचा पैसा देऊ लागली. बाहेरचे शास्त्रज्ञ येत, इथल्या पोरापोरींना शिकवत, आणि पुढे पुढे तर इथल्याच मुलांकडून चार गोष्टी शिकून जात.

माझं काम सोपं होतं, पण त्याला सुट्टी नव्हती. दर पावसाळ्यात गावातल्या मुलांचं थोडं थोडं रक्त अंगठ्याएवढ्या नळ्यांत भरून माझ्याकडे यायचं. तापाचा जंतू मोठा लबाड. आज ज्या औषधाने मरतो, त्यालाच उद्या सरावतो. तो कधी आणि कसा बदलला हे कळायचं तर जुनं रक्त नव्या रक्ताशेजारी ठेवून तपासावं लागतं. एकदा का ते वितळलं, की त्या तपासणीच्या कामाचं राहत नाही. म्हणून मी गार राहायचं, बस्स.

पहिल्याच वर्षी गावात आवई उठली, की हे लोक पोरांचं रक्त विकतात. आया मुलांना घेऊन केंद्रावरून जाईनात. तेव्हा आमोडिंग पुढे झाली. ती केंद्रात झाडलोट करायला लागली होती आणि बघता बघता नळ्यांचं सगळं काम शिकली होती. तिला सगळे 'तोतो आमोडिंग' म्हणत. तोतो म्हणजे आई. हातपंपावर पाणी भरायला आलेल्या बायांना ती सरळ म्हणाली, "विकतात म्हणता ना? मग या आणि बघून जा. तुमच्या पोराची नळी जागेवर नसेल तर माझ्या झिंज्या उपटा!"

झालं! दुसऱ्या दिवशी चाळीस बाया दारात. आमोडिंग माझं दार उघडायची, नळी दाखवायची, बंद करायची. पुन्हा उघडायची. माझा जीव नुसता कासावीस झाला. दार उघडलं की बाहेरची उष्ण हवा भसकन आत शिरते, आतल्या भिंतींवर बर्फ साचतो आणि मला धाप लागते. कुठल्याही प्रयोगशाळेत ही घोडचूकच.

डॉक्टर धावत आले. "तोतो, अहो हा फ्रीझर आहे की चर्च? रांग कसली लावता?"

"शब्द दिलाय, डॉक्टर," आमोडिंग म्हणाली. "तो मोडला तर उद्या एकही पोर हात पुढे करणार नाही. मग तुमचा हा फ्रीझर मासे ठेवायला कामाला येईल."

मासे! मला अस्सा राग आला! पण बाई खोटं बोलत नव्हती. शेवटी ठरलं, की वर्षातून एकदा, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, आयांनी यावं आणि आपापली नळी बघून जावं. मग दर वर्षी चांगले कपडे घालून बाया यायच्या. "माझ्या मुलाची नळी हिच्या पोरीला खेटून का ठेवलीय?" अशी एकीने तक्रार केली, तर दुसरी फणकारली, "शेजार हवाय ना? मग आधी गाई पाठव आमच्याकडे!" इथे लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गाई द्यायच्या असतात, म्हणून सगळ्या खो खो हसल्या. त्या दिवसानंतर मला दमायला होत असे, पण रक्त विकतात हे पुन्हा कुणी तोंडातून काढलं नाही.

आमोडिंगचा ओडेकेही त्या चारशे मुलांत होता. फार गोड पोर. आईचं काम संपेपर्यंत माझ्या अंगाला पाठ टेकून बसायचा आणि माझी घरघर ऐकत झोपायचा. चार पावसाळ्यांच्या त्याच्या चार नळ्या माझ्याकडे होत्या. पाचवा पावसाळा त्याने पाहिला नाही. दूरच्या गावी आजोळी गेलेला असताना ताप चढला आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. महिनाभराने आमोडिंग कामावर आली. त्या ईस्टरला ती माझी रखवालदार म्हणून नाही, तर रांगेतली आई म्हणून उभी राहिली. शेवटचा नंबर तिचा होता. नळी हातात धरून तिने क्षणभर पाहिलं आणि परत ठेवली. मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या दिवशी मलाही भरून आलं होतं.

वर्षं सरली. माझं कौतुकही झालं बरं का. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. "ह्या पेटीत अठरा वर्षांचा मलेरिया कैद आहे," असं डॉक्टर ऐटीत सांगत. आणि गेल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या पोरींच्या लक्षात आलं, की गावातला ताप आता औषधाने लवकर उतरत नाही. पूर्वी दोन दिवसांत उतरायचा, आता चौथा दिवस उजाडतो. हे कधीपासून सुरू झालं? कुठल्या गावातून? उत्तर माझ्या पोटात होतं. एकेक नळी काढून तपासायची, एवढंच बाकी होतं.

नेमकं तेव्हाच पत्र आलं. संस्थेत धोरण बदललं म्हणे. 'पुढील निर्णय होईपर्यंत निधी थांबवण्यात येत आहे. समिती पाहणीसाठी येईल.' कधी येईल ते लिहिलेलं नव्हतं. एकोणीस जण घरी गेले. राहिले डॉक्टर आणि आमोडिंग, दोघंही बिनपगारी. राजधानीतल्या केंद्राकडे नळ्या पाठवाव्यात म्हटलं, तर तिथेही तेच पत्र पोचलेलं! त्यात आमच्याकडची वीज म्हणजे लाडावलेली सून, मनात आलं की माहेरी. जनरेटर होता, पण त्याला डिझेल कुठून आणायचं?

बातमी आपोलोत आजीच्या अंगणात पोचली. आपोलोत आजी आजोन, म्हणजे नाचणीची बिअर, बनवते. गावातले मोठे लोक संध्याकाळी तिच्या मडक्याभोवती बसतात, आपापली लांब नळी मडक्यात सोडून ती पितात आणि गावचे सगळे निकाल तिथेच लावतात. आजीची तीन नातवंडं माझ्या यादीत होती. तिने मडक्यावर हात आडवा धरला.

"आजपासून माझ्या मडक्यात नळी घालायची तर आधी बाटलीभर डिझेल आणायचं."

"आजी, आम्ही काय ट्रक आहोत?" एक जण ओरडला.

"ट्रक बरा, तो काहीतरी वाहून नेतो. तू नुसता पितोस!"

मग काय! कुणी बाटली आणली, कुणी डबा, कुणी मोटारसायकलच्या टाकीतून काढून आणलं. रोज सकाळी आमोडिंग ते गाळून जनरेटरमध्ये ओतायची. थेंबे थेंबे तळे साचे, तसा मी सात आठवडे गारच राहिलो. मोठमोठ्या कचेऱ्यांनी मला सोडलं होतं, आणि ह्या फाटक्या खिशांच्या माणसांनी मला उचलून धरलं होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

पण एके दिवशी घात झाला. आजीकडे डिझेल साठवायला रिकामं भांडं उरलं नाही, म्हणून तिने आजोनचाच एक जुना डबा विसळून घेतला. तळाशी नाचणीचा गाळ आणि पाणी राहून गेलं. त्या दिवशी आमोडिंग तापाने घरी पडली होती. डॉक्टरांनी घाईघाईत न गाळताच डबा ओतला. जनरेटर ठसकला, बंद पडला, पुन्हा धडधडला, आणि विजेचा असा काही झटका मला बसला की माझ्या पोटातला पंप जळाला. बास. माझी घरघर थांबली.

आजी कपाळ बडवून घेऊ लागली. "माझ्याच डब्याने घात केला गं!"

डॉक्टर तिच्याजवळ जमिनीवर बसले. "आजी, गाळायचं मी विसरलो. आणि तुमचा डबा निदान आला तरी. ज्यांनी यायला हवं होतं, ते कुठे आलेत?"

दार बंद राहिलं तर मी फार तर एक दिवस तग धरणार होतो. आमोडिंग अंगात ताप असताना उठून आली आणि तिने एक्वारूला बोलावणं धाडलं. एक्वारू घरोघरच्या गाईंसाठी जातिवंत बैलांचं बीज घेऊन फिरतो, म्हणून गाव त्याला 'मोटारसायकलवरचा बैल' म्हणून चिडवतं. ते बीज माझ्याहूनही थंड अशा नायट्रोजनच्या पिंपात ठेवतात. तो पिंप घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "बैलांना बाहेर काढलंय. यंदा वासरं कमी झाली तर गावाने मला शिव्या द्यायच्या नाहीत, एवढं सांगून ठेवा."

पिंप छोटं होतं. दर तीन नळ्यांतली एकच मावणार होती. डॉक्टरांनी सांगितलं, "पहिली तीन वर्षं आणि शेवटची तीन वर्षं ठेवू. सुरुवात आणि शेवट तरी हातात राहील. मधली सोडून द्यावी लागतील."

ओडेकेच्या चारही नळ्या मधल्या वर्षांतल्या होत्या.

आमोडिंग भराभर हात चालवत होती. तो कप्पा आला तेव्हा तिचा हात थांबला. डॉक्टर हळूच म्हणाले, "तोतो, चार नळ्यांनी काय होतंय? ठेवा त्या."

"त्या ठेवायच्या तर दुसऱ्या चार बाहेर काढायला हव्यात," ती म्हणाली. "कुणाच्या काढू? नावं तुम्ही सांगा."

 तिने त्या चार नळ्या बाकीच्यांबरोबर टेबलावर ठेवल्या आणि पुढचा कप्पा ओढला. संध्याकाळपर्यंत टेबलावरच्या हजारो नळ्या वितळल्या. मी उघड्या दाराने ते पाहत उभा होतो. मला काहीही करता येत नव्हतं.

अडीच महिन्यांनी समिती आली. चांगली माणसं होती, खोटं कशाला सांगू? वाचलेल्या नळ्या डॉक्टरांनी आणि आमोडिंगने तोवर तपासून संपवल्या होत्या. डॉक्टरांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. एका टोकाला औषध झटपट काम करत होतं, दुसऱ्या टोकाला ते थकलं होतं. मधली बारा वर्षं कोरी होती. समितीने तिथल्या तिथे मान्य केलं, की हे काम थांबता कामा नये. पैसा पुन्हा सुरू झाला, माणसं परत आली, माझ्या जागी नवा फ्रीझर आला. मला पडवी मिळाली. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

पण जाण्याआधी समितीतल्या एका बाईंनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हा बदल नेमका कधी सुरू झाला? ते कळलं असतं तर शेजारच्या देशांना वेळीच सावध करता आलं असतं. मधे हे कोरं का?"

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात आमोडिंग पुढे झाली. ती रागावलेली नव्हती, आणि म्हणूनच ऐकायला जास्त जड गेलं. ती म्हणाली, "ह्या कोऱ्या जागेत माझा मुलगा आहे, बाई. तुम्ही अडीच महिने आधी आला असतात, तर त्याने तुम्हाला उत्तर दिलं असतं."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी डॉक्टर होईल, कुणी अधिकारी, कुणी अशा मोठ्या संस्थांत बसून सह्या करील. तेव्हा ह्या म्हाताऱ्या यंत्राचं एवढं ऐका. जिथे रोग आहे तिथल्या माणसांनी मांडलेलं काम मधेच वाऱ्यावर सोडू नका. इमारत पुन्हा बांधता येते, माझ्यासारखा डबा पुन्हा विकत घेता येतो, पैसाही उशिरा का होईना येतो. पण डास कुणाच्या निर्णयासाठी थांबत नाहीत, आणि वितळलेलं रक्त पुन्हा गोठवलं तरी ते बोलत नाही. ओडेके चार वर्षांचा होता. त्याला काय सांगायचं होतं, ते आता कुणालाही कळणार नाही.