खासदारसाहेबांचं सरळ उत्तर

खासदार वेन्डेलीन शेबेस्ता आमच्या माळ्यावर एकवीस दिवस राहिले. पैकी पहिले तीन दिवस ते देशाच्या भवितव्याबद्दल बोलले आणि उरलेले अठरा दिवस माझी बायको झोफी त्यांना "हळू बोला" असं सांगत राहिली.

माणूस जीनगराचा मुलगा. वकील झाला, मग वीस वर्षं प्रागच्या संसदेत बसला. त्या वीस वर्षांत त्यांनी कुठल्याही प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिल्याचं कोणाला आठवत नाही. जर्मन आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा गृहस्थ आता त्यांनाही तशीच गोल गोल उत्तरं देईल आणि सुखाने पेन्शन खाईल. त्याऐवजी तो छुपं वर्तमानपत्र छापू लागला आणि पकडलेल्यांच्या बायकामुलांना शिधा पोचवू लागला. एवढा धीर त्याने वीस वर्षं कुठे लपवून ठेवला होता, हे त्याच्या मतदारांनाही कळलं नाही.

शिधा कोणी द्यायचा, कोणी पोचवायचा, कोणी निरोप्याला झोपायला जागा द्यायची, ही सगळी नावं खासदारसाहेबांच्या डोक्यात होती. कागदावर काही नाही. चाळीस घरं. एकतिसावं आमचं.

बेचाळीसचा तो उन्हाळा वाईट गेला. चौकातल्या भिंतीवर लाल कागद लागायचे, वर जर्मन, खाली आमची भाषा, आणि गोळ्या घातलेल्यांची नावं. आडनावाच्या क्रमाने लावलेली. मी शाळामास्तर, क्रम बरोबर आहे की नाही हे डोळे आपोआप तपासायचे, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. बिननोंदीचा पाहुणा घरात सापडला तर घरातल्या सगळ्यांना तीच शिक्षा. खासदारसाहेब सापडले तर चाळीस घरांना. गावात आम्ही ते झोफीचे मावसभाऊ, ब्र्नोचे विमेवाले, हवापालटाला आलेत असं सांगितलं होतं, पण कोणी कागद मागितले असते तर ते टिकलं नसतं.

सप्टेंबरात कळलं की मंगळवारी गावात घरोघर तपासणी आहे. म्हणजे त्यांना रविवारीच हलवायचं. जंगलातून सात किलोमीटर चालत गेलं की लाकूडतोड्यांचा रस्ता लागतो. तिथे पेशेक गाडीवान ओंडक्यांची गाडी घेऊन दुपारी बारापर्यंत थांबणार, आणि पुढचं पुढचे लोक बघणार. योजना माझी होती, म्हणून मला ती निर्दोष वाटत होती.

"आणि कोणी बघितलं तर?" झोफीने विचारलं.

"अळंबी तोडायला चाललोय म्हणायचं."

हे तिलाही पटलं. सप्टेंबरात आमच्याकडे हातात परडी नसलेला माणूस जंगलात दिसला तर लोक वळून बघतात. परडी असली की चेहऱ्याकडे कोणी बघत नाही, सगळे परडीत बघतात.

निघण्याआधी मी खासदारसाहेबांना शिकवणी दिली. "हे बघा साहेब, कोणी भेटला की विचारणार, 'आहे का काही?' आपण म्हणायचं, 'कुठलं काय!' परडी भरलेली असली तरी. वर नेच्याची पानं झाकायची. आणि कुठे मिळाली ते सख्ख्या भावालासुद्धा सांगायचं नाही."

"मास्तर, हे तर मी वीस वर्षं करत आलोय," ते म्हणाले.

झोफीने त्यांना माझा जुना कोट दिला, वाकड्या पात्याचा चाकू दिला आणि दारात शेवटचं बजावलं, "दादा, भाषण नको."

"वहिनी, एक शब्द नाही."

पहिला तास त्यांनी तो शब्द पाळला. मग त्यांना पाईनच्या मुळाशी एक अळंबी दिसली. तपकिरी टोपीची, जाड पांढऱ्या देठाची, मुठीएवढी. त्यानंतर मला माणूस आवरेना. डोक्यावर बक्षीस असलेला, मिशी काढून फिरणारा, पासष्ट वर्षांचा पुढारी गुडघ्यांवर रांगत होता आणि "ही बघा, अजून एक!" म्हणून मला हाका मारत होता. मी घड्याळ दाखवत होतो. साडेदहापर्यंत परडीत नऊ झाल्या. पानं झाकायला ते तयारच होईनात. म्हणाले, आयुष्यात प्रथमच काहीतरी ठोस केलंय, लोकांना दिसू द्या.

आणि लोक आले. म्हणजे एकच आला. वळणावर सायकल झाडाला टेकवून आमच्या ठाण्याचे फौजदार हाद्रावा उभे होते. सुट्टीचा दिवस, त्यामुळे वर घरचा कोट आणि खाली सरकारी विजार. एका हातात परडी. कमरेला पिस्तूल होतंच. ते बहुधा झोपतानाही काढत नसावेत.

"काय मास्तर, आहे का काही?"

"कुठलं काय!" मी म्हणालो. आवाज जरा चिरका निघाला.

"आणि हे तुमचे पाहुणे. ब्र्नोचे. विम्याचं काम करतात ते."

"बायकोचे मावसभाऊ. छातीचा त्रास आहे, हवापालटाला आलेत."

फौजदारांनी परडीत डोकावून शीळ घातली. "छातीला मानवलेली दिसते हवा. कुठे मिळाली हो एवढी?"

इथे 'अशीच, इकडेतिकडे' म्हटलं असतं की संपलं असतं. पण नऊ अळंब्यांनी माणूस फुगला होता, आणि समोरच्याने प्रश्न विचारला होता. खासदारसाहेबांनी छाती पुढे काढली.

"असं आहे," ते म्हणाले, "की ज्या ज्या ठिकाणी परिस्थिती अनुकूल आहे, त्या त्या ठिकाणी, सर्व बाजूंचा विचार करता, योग्य वेळी, योग्य प्रमाणात..."

मला वाटलं, वा! जंगलातल्या माणसाने द्यावं असंच उत्तर. एवढं बोलून काहीही सांगितलं नाही.

फौजदारांची परडी मात्र हळूहळू खाली आली.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

खासदारसाहेबांनी छाती आत घेतली.

"तेहतीस साल. ऑगस्ट. आमच्या गावची जत्रा. तुम्ही बिअरच्या पिंपावर उभे होता, मिशी होती तेव्हा. मी खालून विचारलं, साहेब, नदीवर पूल कधी होणार? तुम्ही अगदी हेच बोलला होता. सर्व बाजूंचा विचार करता. योग्य वेळी."

माझ्या हातात अळंबी तोडायचा चाकू होता, बोटभर पात्याचा. मी त्याच्याकडे बघितलं, मग पिस्तुलाकडे बघितलं, आणि चाकू मिटून खिशात ठेवला. चाळीस नावं त्या रांगून मळलेल्या विजारीच्या माणसाच्या डोक्यात होती आणि झोफी घरी भांडी घासत असेल, एवढंच मला सुचत होतं.

"तुमचा फोटो ठाण्यात माझ्या टेबलासमोर लावलाय," फौजदार म्हणाले. "चार महिने रोज सकाळी बघतोय. तोंडावरून नाही ओळखलं. बोललात आणि ओळखलं."

"आता काय करणार?" खासदारसाहेबांनी विचारलं. हे त्यांनी एकदम साधं विचारलं.

"आधी उत्तर द्या. नऊ वर्षं थांबलोय मी. तुमच्या भरवशावर मी सासऱ्याशी पैज लावली की पूल होणार. दर रविवारी जेवायला बसलं की म्हातारा ताटात डम्पलिंग वाढतो आणि विचारतो, 'काय जावईबापू, पुलावरून आलात की नदीतून?' नऊ वर्षं! बायकोसुद्धा हसते. मी आपला तुमची बाजू मांडतोय, की नाही हो, मंजुरी असेल, कागद अडकला असेल. आता मला खरं सांगा. पूल होणार होता का?"

"या प्रश्नाकडे बघताना आपल्याला..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. झोफीने दिला असता तसा.

खासदारसाहेब थांबले. त्यांनी टोपी काढली. एखादा माणूस पहिल्यांदाच थंड पाण्यात उतरतो तसा चेहरा झाला.

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नव्हताच होणार. मला त्या पिंपावरही माहीत होतं. मंजुरी वरच्या गावच्या पुलाला गेली होती."

"वरच्या गावच्या? तिथे तर गुडघाभरसुद्धा पाणी नसतं!"

"मतं होती."

फौजदार एका तोडलेल्या बुंध्यावर बसले. मी मनात दहापर्यंत मोजलं, मग पुन्हा पहिल्यापासून. एक सुतारपक्षी कुठेतरी ठोकत होता, त्याला कशाचं काही नव्हतं.

"मतं होती," फौजदार स्वतःशी म्हणाले. आणि त्यांनी असा श्वास सोडला की जणू घट्ट बूट काढले. "सुटलो बुवा. आजच सांगतो म्हाताऱ्याला, पैज तू जिंकलास. बोलणी खाईन एकदाची. पण दर रविवारी ती नदी पार करायला नको."

"कुणी सांगितलं विचारेल तो," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. मास्तरची खोड.

"जंगलात एका विमेवाल्याने सांगितलं." मग ते खासदारसाहेबांकडे वळले. "आणि विमेवाले, एक सांगू? तीन आठवडे गावात राहिलात आणि एकालाही विमा विकायला आला नाहीत. असला विमेवाला मी जन्मात पाहिला नाही. मला वाटलं काळाबाजारवाले असाल, लोणी घेऊन जाल, म्हणून गप्प राहिलो."

ते उठले, खासदारसाहेबांची परडी ओढली आणि त्यातल्या चार अळंब्या निवडून झुडपात फेकल्या.

"अहो!" खासदारसाहेब कळवळले.

"कडू जात आहे ती. देठावर काळी जाळी दिसत नाही? एक पडली तरी अख्खं पातेलं ओतून द्यावं लागतं." मग माझ्याकडे बघून, "आणि मास्तर, पेशेक खालच्या रस्त्याला ओंडके घेऊन उभा आहे. रविवारी! या जिल्ह्यात रविवारी ओंडके वाहणारा तो पहिलाच. त्याला म्हणावं, गाडी बघायला कोणी आलं तर चाक निखळलंय असं सांग. कालपासून."

माझ्या निर्दोष योजनेत मी रविवार मोजलाच नव्हता.

"तुमचं काय?" खासदारसाहेबांनी विचारलं. "हे कळलं तर तुम्हालाही..."

"मला आज जंगलात कोणी भेटलं नाही," फौजदार म्हणाले. त्यांनी सायकल घेतली. त्यांची परडी नेच्याच्या पानांनी गच्च झाकलेली होती. "आणि मिळालंही काही नाही. कुठलं काय!"

बाराला दहा मिनिटं असताना खासदार शेबेस्ता ओंडक्यांमधल्या पोकळीत जाऊन आडवे झाले. मी वरून साली टाकत होतो. आतून आवाज आला, "मास्तर, तो पूल... मी प्रयत्न केला असता तर झाला असता."

"हळू बोला," मी म्हणालो.

सोमवारी पेशेक दुकानात आला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "चाक बसलं एकदाचं. लाकूडही पोचलं, ढलपीसुद्धा नाही सांडली." लोकांनी त्याला रविवारी काम केल्याबद्दल टोमणे मारले. मी उगीचच अर्धा किलो मीठ घेतलं, घरात भरपूर असताना.

मंगळवारी सकाळी तपासणीला दोन जर्मन आणि फौजदार हाद्रावा आले. झोफीने माळा सोडा घालून दोनदा पुसला होता. जर्मन वर चढले, खाली उतरले, कपाटात बघितलं, पलंगाखाली बघितलं. फौजदार वहीत लिहीत होते. "माणसं दोन. मांजर एक." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाहुणे?"

"गेले. रविवारी. ब्र्नोला."

"छाती?"

"सुधारली."

"पाहुणे गेले," असं त्यांनी लिहिलं आणि शिक्का मारला. जर्मनांपैकी धाकट्याने चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून वास घेतला. पाच अळंब्या आणि अंडी. त्याने झाकण परत ठेवलं. ते गेले, फाटकाची कडी वाजली, शेजारच्या घराची घंटा वाजली.

झोफी खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आधी एप्रन तोंडावर धरून, मग एप्रन सोडून. मी सवयीने म्हणालो, "हळू."

"का?" ती म्हणाली. "वर कोण आहे?"

कोणी नव्हतं. आम्ही दोघंही मोठ्याने हसलो, आणि मग पातेलं टेबलावर घेतलं.